ताईंच्या गोडात दुधाचा थेंब नाही

ताई, आज तुमचा तेरावा झाला आणि पानात खीर वाढली नाही. गणेशपुरीच्या काकू त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाहीयेत. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, बाहेरच्या खोलीत एकच पेपर तिसऱ्यांदा वाचताहेत. पण खीर नाही म्हणजे नाही. तिच्या जागी तुमचा तो टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा, गार गोड चॉकलेट पाय वाढला, तुमच्या पद्धतीनं केलेला, दुधाचा एक थेंब न घालता. चार वर्षांपूर्वी शाळेच्या निरोप समारंभासाठी तुम्ही जो केला होतात आणि पुन्हा कधी केला नाहीत, तोच.

तुम्ही तो पुन्हा का केला नाहीत, याचं खरं कारण जगात फक्त मला ठाऊक होतं. तुम्हालाही नव्हतं. आज दुपारपासून सगळ्यांना ठाऊक झालंय. राहिलात तुम्ही एकट्या, म्हणून हातातली भांडी तशीच ठेवून लिहायला बसलेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "शुभा, मुद्द्यावर ये." येते. पण माझ्या चालीनं येणार.

दुधापासून सुरू करावं लागेल. मी लग्न होऊन टेमघरच्या या घरात आले तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, ते म्हणजे खारबावच्या आमच्या म्हशी. तुमच्याकडे सगळे शिकलेले. सासरे कचेरीत, भाऊ कोर्टात कारकून, तुम्ही शाळेत ग्रंथपाल. मी नववी नापास. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "आमच्याकडं चार म्हशी हाय," आणि तुम्ही पोळी लाटता लाटता सांगितलंत, "हाय नाही शुभा, आहेत." वाईट हेतू नव्हता, कोणाचंही चुकलं की तुमच्या तोंडून दुरुस्ती निघायचीच. पण मला ते लागलं आणि लागलेलं मी सांभाळून ठेवते, हे तुम्हाला पुढे कळलंच.

माझा दादा दर सकाळी खारबावहून मोटरसायकलवर दुधाची किटली घेऊन यायचा तेव्हा मात्र मी या घरात कुणापेक्षा कमी नसायचे. त्या दुधाला बोटभर साय यायची. सासूबाई शेजारणींना बोलावून दाखवायच्या. तुम्हीही वाडगा घेऊन बसायचात आणि म्हणायचात, "शुभाच्या माहेरची साय म्हणजे साय." तुमचं हे वाक्य मी माहेरी जाऊन सांगितलं होतं, माहीत आहे का तुम्हाला?

आणि मग पन्नाशी ओलांडल्यावर तुमचं पोट दुखायला लागलं. वर्षभर दुखलं. डॉक्टरांनी दूध बंद करायला सांगितलं. दूध, दही, साय, खवा, सगळं. तुम्ही घरी येऊन शांतपणे सांगितलंत, "उद्यापासून माझ्यासाठी दूध नको." मला काय ऐकू आलं असेल? "तुझ्या माहेरचं दूध आम्हाला बाधतं." मी तोंड फुगवून बसले. इतकी वर्षं पचलं आणि आत्ताच कसं बाधायला लागलं, असं मी यांना रोज विचारायचे, तुम्हाला ऐकू जाईल अशा आवाजात.

तुम्ही सोयाबीन आणलंत.

त्या सोयाबीनवरून आपण किती भांडलो, ताई. रात्रभर भिजवायचं, सालं काढायची, वाटायचं, गाळायचं, ते दूध वीस मिनिटं उकळायचं. घरभर कच्च्या शेंगांसारखा वास सुटायचा. मी पदर नाकाला लावून फिरायचे. त्याला दूध म्हणालात की मी म्हणायचे, "दूध जनावर देतं ताई, मिक्सर नाही." तुम्ही म्हणायचात, "मग नारळाच्या दुधाला काय म्हणतेस?" मी भांडी आदळायचे. मग तुम्ही त्यात लिंबाचं पाणी घालून ते फाडायचात. यांच्या मित्राच्या लूमवरचं, कापडाच्या मागावरचं, कोरं मांजरपाट धुऊन ठेवलेलं असायचं, त्यात बांधून टांगायचात. मी पनीरसारखं वर पाटा ठेवायला गेले तर हात धरलात. "दाबायचं नाही. निथळू द्यायचं. दाबलंस की घट्ट होतं आणि चॉकलेटमध्ये रवाळ लागतं." हे मी तेव्हा ऐकत नव्हते असं तुम्हाला वाटायचं. सगळं ऐकत होते.

टोफूत चॉकलेट घालायचं तुम्ही कुठून शिकलात देव जाणे. पहिल्यांदा केलात तेव्हा मी चमचाभर चाखला आणि "ठीक आहे" म्हणाले. ताई, तो ठीक नव्हता, फार सुंदर होता. मऊ, गार, जिभेवर विरघळणारा. मला रागच आला. साय नसताना सायीसारखा लागतो म्हणजे काय? माझ्या हातातलं एकमेव हत्यार तुम्ही निकामी करत होतात, असं मला वाटलं. हसू नका.

आता त्या दिवसाकडे येते.

तुमच्या निरोप समारंभाचं भाषण तुम्ही आठ दिवस स्वयंपाकघरात म्हणून बघत होतात. मी पोळ्या करत असायचे, तुम्ही खिडकीशी उभ्या, हातात दोन कागद. पहिला कागद आभाराचा. तो सगळेच बोलतात तसा होता, आणि तो वाचताना तुम्हाला स्वतःलाच कंटाळा यायचा. दुसऱ्या कागदाला आलात की आवाज बदलायचा. त्यात तुम्ही तुमची एक चूक कबूल करणार होतात, सगळ्या शाळेसमोर, जाता जाता. इतकी वर्षं तुम्ही पुस्तकांच्या कपाटांना कुलूप लावून ठेवलंत ते चुकलं, असं तुम्हाला म्हणायचं होतं. मी विचारलं, "कशाला ताई? छान हारतुरे घ्या आणि या की घरी." तुम्ही म्हणालात, "हार सगळ्यांनाच घालतात. हे मी बोलले नाही तर कुलपं तशीच राहतील. नव्या बाई माझ्याच किल्ल्या कमरेला लावतील." तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. तुम्ही ठरवून बोलत होतात.

समारंभाच्या सकाळी तुम्ही शाळेसाठी दोन मोठे पाय करायला घेतलेत. टोफू आणि वितळलेलं चॉकलेट मिक्सरमध्ये होतं. शाळेतून फोन आला म्हणून तुम्ही गॅलरीत गेलात. माझ्यासमोर दादानं आणलेल्या दुधाची साय होती आणि शेगडीवर आटवलेलं दूध. मी वाटीभर साय त्या भांड्यात टाकली. वर पेलाभर आटवलेलं दूध ओतलं आणि मिक्सर फिरवला. मला एवढंच सिद्ध करायचं होतं की तुम्हाला काही होत नाही, सगळे मनाचे खेळ आहेत. संध्याकाळी जेवताना सगळ्यांसमोर म्हणणार होते, "ताई, दुपारी माझ्या माहेरची साय खाल्लीत, काय झालं का?" माझा डाव एवढाच होता. तुमच्या भाषणाचा विचारही माझ्या डोक्यात आला नाही, हे मी शपथेवर सांगते, पण शपथेला काय अर्थ आहे.

तुम्ही परत आलात, भांड्यात चमचा फिरवलात आणि म्हणालात, "आज काय सुरेख झालंय गं. किती तुकतुकीत दिसतंय." मी आतून फुलून गेले. ते फुलणं आठवलं की आजही मला स्वतःची शिसारी येते.

शाळेच्या सभागृहात आधी खाणं झालं. सगळ्या शिक्षकांनी आग्रह केला म्हणून तुम्हीही चांगला मोठा तुकडा घेतलात. मग दुसऱ्यांची भाषणं झाली, ती काही लवकर संपतात का. तासाभरानं तुम्ही उभ्या राहिलात. पहिला कागद वाचलात. दुसरा वर घेतलात आणि टेबलाची कड धरलीत. मी तिसऱ्या रांगेत होते. तुमच्या कपाळावर घाम आला, डोळे भरले, डावा हात पोटाकडे गेला. तो हात सभागृहात फक्त मी पाहिला, कारण कुठे बघायचं ते फक्त मला माहीत होतं. "माफ करा," म्हणालात आणि बाजूच्या दारानं निघून गेलात. तुमच्या शाळेतल्या पाटकर बाई लगबगीनं माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आपल्या बाई वरून कडक, पण आतून फार हळव्या आहेत. त्यांना रडू आवरलं नाही." निम्मं सभागृह डोळे पुसायला लागलं.

रिक्षात तुम्ही ओठ आवळून बसला होतात. नाक्यावर म्हणालात, "रडले असं वाटलं तर वाटू दे. पोट बिघडलं हे कुठल्या तोंडानं सांगायचं?" दुसऱ्या दिवशी चॉकलेटच्या पुडीचा कागद घेऊन बसलात. उजेडात धरलात, डोळ्यांजवळ नेलात. त्यावर दुधाचं नाव नव्हतं. तरी म्हणालात, "यातच काहीतरी असणार, नाही का गं शुभा?"

आणि मी म्हणाले, "असेल."

साय घातली ते पोरकटपणात धरता येईल. हा "असेल" नाही धरता येणार. त्यानंतर तुम्ही पुस्तकवाल्याकडून भिंग आणलंत आणि घरात येणारा प्रत्येक पुडा त्याखाली वाचायला लागलात. पाय तर बंदच केलात. शाळेची बोलावणी येत राहिली, स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी कारण काढलंत. एकदा मला म्हणालात, "अर्धं बोलून पळालेल्या बाईनं परत कशाला जायचं? जे बोलायचं होतं त्याची वेळ गेली." तुम्हाला आयुष्यभर कुणी हळवी म्हटलं नव्हतं. म्हटलेलं तुम्हाला चाललंही नसतं. आणि शेवटी तेच तुमच्या नावाला चिकटलं.

मी सांगायला गेले नाही असं नाही. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणाले, "ताई, तुमच्या समारंभाच्या दिवशी ना..." तुम्ही लगेच म्हणालात, "तो विषय नको." आणि मला काय हायसं वाटलं. तुम्हीच नको म्हणालात, मग माझा काय दोष, असं म्हणून मी चार वर्षं काढली. तुमच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं, वेगळा चमचा ठेवला, दूध तापवल्यावर हात धुऊन मगच तुमची भाजी फोडणीला टाकली. तुम्ही यांना कौतुकानं सांगायचात, "शुभा किती बदलली." बदलले नव्हते, ताई. घाबरले होते.

ज्या बाईच्या बाबतीत मी हे केलं ती बाई कोण, हे आज पंगतीला बसलेल्या किती जणांना माहीत होतं? माझ्या दहावीच्या परीक्षेला आमच्या ईशाला सांभाळायला तुम्ही शाळेतून रजा घेतलीत. मी बत्तीस वर्षांची, परीक्षेच्या बाकावर बसायची लाज वाटत होती, तर मला फाटकापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "मान वर करून जा." आज मी बालवाडीत शिकवते ते त्यामुळे. पोरं "हाय" म्हणाली की मी दुरुस्त करत नाही, एवढं मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. त्यावर आपलं भांडण मिटलेलं नाही आणि मी ते मिटवणारही नाही. त्यांच्या आयांची भाषा आहे ती.

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली. जो येतो तो तेच सांगतो, "बाई फार हळव्या हो, निरोपाच्या भाषणात कशा रडल्या होत्या." पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. चौथ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून आत गेले. आठव्या दिवशी ठरवलं. तेराव्याला शाळेतली माणसं येणार, तेव्हा तुमचा पाय मी करून वाढणार, आणि वाढताना खरं सांगणार. नुसतं सांगता आलं असतं, पण मी मला ओळखते. तोंडी ठरवलेलं मी ऐन वेळी गिळते. समोर तो पदार्थ असला की पळता येणार नाही.

काकूंना सांगितलं तर त्या पाटावरून उठल्याच. "तेराव्याला खीर नको? डोकं ठिकाणावर हाय का? आणि गेलेल्या माणसाला आता कसलं पोट, कसलं दुखणं? वाढ की दुधाचं." तुमचे भाऊ म्हणाले, "काकू म्हणतात ते बरोबर आहे. आता तिला काय होणार आहे?" मी म्हणाले, "काही होणार नाही म्हणून घालायचं का?" माझा आवाज चढला होता. गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, विधीला लागेल ते मी बघतो, पानात गोड काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं. मी फोन काकूंच्या कानाला लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दादाला मीच फोन करून सांगितलं की तेराव्याला दूध आणू नको. तो म्हणाला, "आमचं दूध न्हाय चालत का आता?" मी म्हणाले, "दादा, दूध चांगलं आहे. तुझी बहीण वाईट आहे. ये, मग सांगते."

परवा सकाळी टोफूला निघाले. म्हटलं घरी वेळ पुरला नाही तर तयार असावा. डेअरीवाला म्हणाला, "भाभी, टोफू का क्या करोगी, मलई पनीर ले जाओ, एक ही बात है." त्याच्या काउंटरवर मी पिशवी आपटली. "एक बात नहीं है, भैया. बिलकुल एक बात नहीं है." तो बिचारा घाबरून आत गेला. घरी आले आणि सोयाबीन भिजत घातलं.

काल सकाळपासून लागले. तुमच्यासारखं वाटलं, मांजरपाटातून गाळलं, वीस मिनिटं उकळलं, वर आलेला फेस काढत राहिले. वास आला तेव्हा पदर नाकाकडे गेला नाही. लिंबाचं पाणी थेंबाथेंबानं सोडलं. गठ्ठे धरायला लागले तशी शेगडी बंद केली. कापडात बांधून नळाला टांगलं, आणि दाबलं नाही. हात शिवशिवत होते तरी दाबलं नाही.

आणि तरी पहिला घाणा बिघडलाच. टोफू पार गार झाला होता, त्यात मी गरम चॉकलेट ओतलं. मिक्सर फिरवला तर सगळं कणकण. नाचणीचं पीठ कच्चं राहिल्यासारखं झालं. मी तिथेच फरशीवर बसले. तुम्ही मेलात म्हणून बारा दिवस जी नीट रडले नव्हते ती त्या मिक्सरच्या भांड्यासमोर रडले. काकू दारात येऊन बघून गेल्या. त्यांना वाटलं आता ही खिरीला लागेल. मी उठले आणि दुसरं सोयाबीन काढलं, जास्तीचं भिजवलं होतंच.

दुसऱ्या खेपेला टोफू कोमट असतानाच घेतला. चॉकलेटही कोमट. पुडी आणायच्या आधी दुकानात तुमच्याच भिंगाखाली वाचली होती. तीन ठेवून दिल्या, चौथी घेतली. गूळ बारीक करून, चिमूट मीठ, अर्धा चमचा कॉफी, नारळाचं घट्ट दूध दोन चमचे. मिक्सर थांबवून थांबवून फिरवला, कडेचं सारखं खाली लोटलं. सात-आठ मिनिटांनी ते एकजीव झालं. चमचा उचलला तर घडी पडत खाली आलं, बोटांत चोळून पाहिलं तर कण नाही. खालच्या थराला बिस्किटं घ्यायची नाहीत, त्यांत दुधाची भुकटी असते, हे तुमचं बजावणं लक्षात होतं. भाजलेल्या दाण्याचं कूट आणि खजूर खोबरेल तेलात मळून काठाच्या ताटलीत दाबून बसवलं. वर ते मिश्रण ओतलं, ताटली ओट्यावर दोनदा आपटली आणि फ्रिजमध्ये ठेवली. आतली दुधाची पिशवी आणि दह्याचं भांडं आधी शेजारी नेऊन दिलं. गरज नव्हती, मला माहीत आहे.

आज दुपारी पहिलं पान तुमचं वाढलं. वडे, भाजी, आमसुलाची चटणी, आणि खिरीच्या जागी पायचा तुकडा. सुरी घातली तेव्हा कापलेली कड सरळ उभी राहिली. मग पंगत बसली. पाटकर बाई आता मुख्याध्यापिका आहेत, त्या आणि शाळेतले पाच-सहा जण ओळीनं. समोर दादा, हे, काकू. मी ताटली घेऊन वाढत आले. पाटकर बाईंनी तुकडा बघितला, डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, "हाच होता ना हो त्या दिवशी? किती हळव्या होत्या बाई. भाषण अर्धवट टाकून रडत..."

"रडत नव्हत्या," मी म्हणाले.

ताटली हातातच होती, ताई. "त्यांच्या पोटात कळ आली होती. त्यांना दूध चालत नव्हतं. त्या दिवशी हे करताना मी त्यांच्या नकळत वाटीभर साय घातली. माझ्या हट्टापायी. त्यांना कधी कळलं नाही. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. त्या हळव्या नव्हत्या. घाबरून, रडून पळालेल्या नव्हत्या. त्यांना मी उठवलं त्या माइकवरून."

कोणी जेवत नव्हतं. दादानं मान खाली घातली, तो तुम्हाला फार मानायचा. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही. काकू म्हणाल्या, "अगं, आजच्या दिवशी कशाला हे," आणि मी म्हणाले, "आजच्या नंतर ही सगळी माणसं एकत्र कधी येणार?" ताई, मला माफी मिळावी म्हणून मी बोलले नाही. ती द्यायला तुम्ही नाहीत आणि इतर कुणाचा तो हक्क नाही. लोक तुमचं चुकीचं काहीतरी घेऊन घरी जात होते, ते मला परत घ्यायचं होतं.

मग पाटकर बाईंनी हातातला घास खाली ठेवला आणि विचारलं, "मग भाषणात पुढे काय होतं?"

ते विचारतील असं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण मी आठ दिवस पोळ्या लाटत ऐकलेलं होतं. एक शब्द विसरले नव्हते. ताटली खाली ठेवली, मान वर केली आणि तुम्ही खिडकीशी उभ्या राहायचात तशी उभी राहून म्हणाले:

"आता एक चूक सांगते आणि जाते. शाळेत एक मुलगी होती, लूमवर काम करणाऱ्याची. रोज मधल्या सुट्टीत कपाटाच्या काचेला नाक लावून उभी राहायची. एकदा तिनं मला तिसऱ्या कपाटातल्या सगळ्या पुस्तकांची नावं ओळीनं म्हणून दाखवली. त्यांतल्या एकाही पुस्तकाचं आतलं पान तिनं पाहिलेलं नव्हतं. हात मळलेले असतील, पान फाटेल, पुस्तक हरवेल म्हणून मी कुलूप काढलं नाही. माझं एकही पुस्तक हरवलं नाही याचा मी अभिमान बाळगला. ती मुलगी सातवीतून शाळा सोडून गेली. किल्ल्या टेबलावर ठेवते आहे. कपाटं उघडी ठेवा. पुस्तकं हरवली तर हरवू द्या."

पाटकर बाई पानावर बसूनच होत्या. त्यांचा डावा हात कमरेशी गेला, तिथं शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा होता, तुमच्या कपाटांच्या किल्ल्याही त्यातच. तो त्यांनी मुठीत धरला आणि म्हणाल्या, "उद्या रविवार आहे. सोमवारी सकाळी कपाटं उघडते. वहिनी, तुम्ही या."

मी येते म्हणाले.

ताई, तुमचं भाषण पूर्ण झालं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तेराव्याला वाजवत नाहीत.